लेहच्या हवेवर भाऊजींचा संशय

आमच्या भाऊजींचा ज्याच्यावर पूर्ण भरवसा बसेल असा माणूस या पृथ्वीवर अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर भाऊजी आधी त्याचा जन्माचा दाखला उजेडात धरून बघतील. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार रायपूरला लागून असलेलं बीरगांव. चहा समोर आला की ते आधी हुंगतात, मग बशीत ओतून त्याचा रंग बघतात, मग चहावाल्याचा चेहरा बघतात आणि तेवढ्यात चहा निवला की "पाहिलं? थंडाच दिला" म्हणून माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघतात. टीव्हीवर उद्या ऊन पडेल असं सांगितलं की ते छत्री काढून ठेवतात. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. पदवी हातात आली त्या दिवशी ती घेऊन मी आधी ताईकडे धावलो. भाऊजींनी कागद बल्बासमोर धरला, उलटा केला, शिक्क्यावर अंगठा घासला आणि म्हणाले, "सही तं छापलेली दिसून राहिली रे." मला इतका राग आला की ताईच्या हातचं पुरण न खाता उठणार होतो. संध्याकाळी कळलं, हाच माणूस तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, घरोघरी दाखवून आला होता. तेव्हापासून माझं नाव 'ग्रॅज्युएट'. कुठलाही कागद आला की मला बोलावणं येतं, "ऐ ग्रॅज्युएट, बारीक अक्षरं वाच. खोट तिथंच राह्यते."

आता हा संशय काही रिकामपणाचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात भाऊजी भंगार तपासायचे. ट्रकमधून येणाऱ्या ढिगात एखादा तोंड बंद असलेला डबा किंवा सिलिंडर राहिला आणि तसाच भट्टीत गेला, तर तो फुटतो आणि वितळलेलं लोखंड माणसांवर उडतं. म्हणून भाऊजी प्रत्येक तुकडा उलटापालटा करायचे, ठोकायचे, ऐकायचे. ट्रकवाले त्यांना शिव्या द्यायचे, भट्टीवरची माणसं त्यांना सणाला मिठाई द्यायची. रिटायर झाले आणि एकदा जेवताना म्हणाले, "सारी जिंदगी भट्टीसमोर गेली. मले एकदा बर्फावर उभं राहाचं आहे. आपल्या पायानं चढून." ताई म्हणाली, "फ्रीजातला परातीत काढून देते, राहा उभे." पण भाऊजी हसले नाहीत. त्यांनी या एका गोष्टीवर शंका घेतली नाही, म्हणून मीच जरा घाबरलो.

लडाखमधल्या एका खिंडीचा ट्रेक ठरला. बारीक अक्षरं वाचायला मी सोबत. रायपुरात चढण म्हणाल तर उड्डाणपुलाची, त्यामुळे भाऊजी सराव करायला माझ्यासोबत नव्या रायपुरात येऊ लागले. मी ऑफिसात, आणि ते पाठीवर तांदळानं भरलेली सॅक घेऊन त्या रुंद, ओसाड रस्त्यांवर. कुठल्यातरी सरकारी इमारतीच्या लांबलचक पायऱ्या त्यांना पसंत पडल्या. ते चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. शेवटी गार्डनं धरलं. "चाचा, बैग खोलो." भाऊजींनी उघडली. "चावल लेके ऊपर-नीचे काहे कर रहे हो?" "पहाड़ चढ़ना है." गार्डनं तांदळात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं, आणि तरीही मला फोन करून खाली बोलावलं. मला वाटलं, भाऊजी भडकतील. ते परतताना सारा रस्ता त्या गार्डची तारीफ करत होते. "माणूस आहे! असा एक जण प्रत्येक हाफिसात पाह्यजे."

लेहला विमानातून उतरलो आणि तिथेच खरी गंमत सुरू झाली. हॉटेलवाले गृहस्थ वयानं भाऊजींएवढेच, शांत, डोळ्यांत हसणारे. त्यांनी गरम पाणी दिलं आणि सांगितलं, "भाईसाहब, दो दिन कुछ नहीं करना. सिर्फ आराम. यहाँ हवा पतली है." भाऊजी खोलीत आले, दार लावलं, कडी लावली. "कळलं का तुले? आराम करायले एवढ्या दूर आणलं आपल्याले! खोली यांचीच, जेवण यांचंच, बिल आपलं. हवा पतली! मले तं आपल्या घरच्यासारखीच दिसून राहिली." मी ग्रॅज्युएटच्या अधिकारानं उंची, ऑक्सिजन, शरीराचं सवय लावून घेणं, सगळं समजावलं. ते म्हणाले, "तुले कोणी सांगितलं? त्यानंच ना?" अंगणात फिरताना धाप लागली, तर म्हणाले, नाश्त्यात काहीतरी होतं. त्यांच्या खिशात रायपूरहून आणलेला कांदा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. भाऊजींच्या मते जो कांदा बीरगांवच्या उन्हाला पुरतो त्याला लेहची हवा काय चीज आहे. हॉटेलवाल्यांनी तो कांदा पाहिला, आदरानं हातात घेतला, परत दिला आणि म्हणाले, "रखिए, पर पानी भी पीजिए."

संध्याकाळी ट्रेकची प्रमुख आली, तिथलीच एक तरुण मुलगी. तिनं सगळ्यांच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलं. भाऊजींनी ते मागून घेतलं. आधी माझ्या बोटाला लावलं, मग हॉटेलवाल्यांच्या, मग स्वयंपाकघरातून एक हिरवी मिरची मागवून मिरचीला. मिरचीचा आकडा आला नाही. "हं," भाऊजी म्हणाले, "एवढं तरी इमानदार आहे." ती मुलगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

निघायच्या सकाळी मात्र मला पहिल्यांदा भाऊजींचाच संशय आला. चहा आला, त्यांनी न हुंगता घेतला. गाडीच्या टपावर सॅक चढली, त्यांनी दोरी ओढून पाहिली नाही. मुलीनं बोटाला यंत्र लावलं आणि म्हणाली, "अंकल, एकदम बढ़िया. चलिए!" सगळे गाडीत बसले. भाऊजी उभेच.

"दीदी," ते म्हणाले, "मेरा सामान उतार दो."

"क्यों अंकल? रीडिंग तो अच्छी है."

"मशीन का ठीक होगा. मेरा ठीक नहीं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कालपासून डोकं ठणकून राहिलं रे. सकाळी ओकलो. यंत्र चांगलं सांगते, म्हणूनच मले शंका येऊन राहिली. वर जाऊन काही झालं तं हे सारे माह्यासाठी परत फिरतीन. शंका आली का माल परत, ट्रक किती का दुरून आलेला असो."

त्या मुलीनं ऐकून घेतलं आणि स्वतः सॅक उतरवली. गाडी थांबवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, इथे राहिले तर आरामानं बरे होतील, वर मुळीच नको, या खेपेला नाही आणि या वयात पुन्हाही नको. भाऊजींनी मान हलवली. एकही प्रश्न विचारला नाही. हॉटेलवर परतल्यावर मी म्हटलं, मीही थांबतो. तेव्हा कुठे जुने भाऊजी परतले. "काहून? तुले बहाणाच पाह्यजे होता वाटते! जा मुकाट्यानं. मी यांच्यापाशी राह्यतो," असं म्हणून त्यांनी आपला हात त्या हॉटेलवाल्यांच्या खांद्यावर ठेवला.

मी गेलो. खिंड चढलो. वर वारा होता, रंगीत पताका फडफडत होत्या आणि पायाखाली बर्फ. परत आलो तर भाऊजी आणि हॉटेलवाले ऊन खात जर्दाळू सोलत बसले होते. भाऊजींनी मला समोर बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली. फोटो दाखवायला गेलो तर हातानं दूर केला. "ते राहू दे. पाय ठेवला तं कसं वाटलं, ते सांग." मी सांगितलं: वरचा थर पायाखाली चुरचुर वाजतो, मग पाय थोडा आत जातो, उतरताना आधी टाच रोवायची, मग हळूच चवडा. "पुन्हा सांग," म्हणाले. दिल्लीच्या विमानात पुन्हा, रायपूरच्या गाडीत पुन्हा.

परवा बीरगांवला गेलो होतो. चहाच्या टपरीवर भाऊजी त्यांच्या भट्टीवरच्या जुन्या सोबत्यांना बर्फ कसा असतो ते समजावत होते. एकानं डिवचलं, "तू तो गया ही नहीं, तेरे को क्या मालूम?"

"मेरे साले ने बताया है."

"और उसने फेंका होगा तो?"

भाऊजींनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं भलतंच काही विचारलं. "वो नहीं फेंकता."

मी चहात तोंड खुपसून बसलो. माझी पदवी उजेडात धरून पाहणारा माणूस हा.

घरी परतताना दुपार तापली होती, रस्त्यावर काळी धूळ. भाऊजी पुढे चालत होते. मी जरा मागे होतो, म्हणून मला दिसलं. त्या तापल्या धुळीत ते सावकाश पाऊल टाकत होते, आधी टाच, मग हळूच चवडा, आणि मान थोडी कलती करून ऐकत होते.