फ्लेक्सवरची मुलगी

आमच्या डोंबिवलीत दहावीचा निकाल घरात कमी आणि फ्लेक्सवर जास्त लागतो. मुलीला चौऱ्याण्णव टक्के मिळाले आणि तिच्या क्लासने बाकीच्या हुशार मुलांबरोबर तिचाही फोटो नाक्यावर टांगला. खाली पूर्ण नाव, शाळा आणि आमच्या सोसायटीचं नाव. स्थानिक साप्ताहिकातही तेच छापून आलं, विंगसकट. आम्हीही हुरळलो, खोटं कशाला बोला! मी अंक विकत घेऊन दिवा गावातल्या माझ्या नणंदेपासून सगळ्यांना वाटले.

मग तिला इन्स्टावर अनोळखी मेसेज यायला लागले. तिने ब्लॉक केलं. एका संध्याकाळी एक मुलगा थेट गेटवर येऊन वॉचमनला तिचा फ्लॅट नंबर विचारू लागला. वॉचमनने हाकललं, तर दुसऱ्या दिवशी समोरच बाइकवर बसून राहिला. मुलगी लिफ्टची वाटही न बघता जिना चढून घरात आली.

जेवताना नवऱ्याने निर्णय सांगून टाकला. "ठाण्याचं कॉलेज कॅन्सल. इथलंच घेऊ, चालत जाता येईल."

ठाण्याच्या कॉलेजातल्या लॅबवर तिचा आठवीपासून डोळा होता. पहिल्या यादीत नाव लागलं होतं, प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. ती ताटावरून उठली.

माझं डोकं तापलं की मी आधी भांडते, मग विचार करते. सकाळी तिला घेऊन क्लासच्या ऑफिसात गेले. टिटवाळ्यापर्यंत शाखा असलेले सर, आणि समोर जाहिरात घ्यायला आलेले त्या साप्ताहिकाचे संपादक. म्हटलं, बरंच झालं, दोघं एकदमच सापडले.

"मॅडम, सोसायटीचं नाव छापलं की अख्खी सोसायटी अंक घेते," संपादक म्हणाले.

"आणि उरलेलं गाव माझ्या दारात येतं, त्याचं काय?"

सर माणूस तसा बरा. त्यांनी लगेच फोन केला आणि आम्ही ऑफिसातून निघेपर्यंत फ्लेक्सवर पांढरा कागद चिकटलासुद्धा, तिच्या चेहऱ्यापासून नावापत्त्यापर्यंत. वर मला म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून मुलींचे फोटोच नकोत. कशाला रिस्क?" मला हायसं वाटलं. येताना मुलगी मात्र नाक्यावर थांबली.

"आई, बाकी सगळे दिसतायत. मीच काहीतरी केल्यासारखं झाकून ठेवलंय मला."

मी तिला धरून परत फिरवणार, तर तीच परत फिरली होती, क्लासच्या दिशेने. मी मागे. एरवी सरांसमोर मान खाली घालणारी मुलगी उभ्याउभ्याच बोलली.

"सर, मार्क माझे आहेत. फोटो राहू दे, पत्ता काढा. आणि मुलींचे फोटो लावलेच नाहीत तर लोकांना वाटेल, तुमच्या क्लासमध्ये मुली हुशार नसतातच."

सर हसले, मग हसू आवरून त्यांनी पुन्हा फोन उचलला. धंदेवाल्याला धंद्याची भाषा पटकन कळते. संध्याकाळी नवा फ्लेक्स लागला: फोटो, फक्त पहिलं नाव आणि टक्के. यापुढे मुलांना आणि घरच्यांना विचारूनच लावू, असं त्यांनी सगळ्या शाखांना कळवलं. संपादकांनीही शाळकरी मुलांचे पत्ते छापणं बंद केलं. दोघं काही साधुसंत झाले नाहीत. पण त्यांच्या हातात होतं ते त्यांनी एका दिवसात केलं, आणि ते कुणी आधीच का केलं नाही, याचा मला अजून राग येतो.

घरी सगळं ऐकून नवरा म्हणाला, "छान झालं. पण कॉलेज इथलंच."

मुलगी त्याच्यासमोर जाऊन बसली. "बाबा, सरांनी फ्लेक्स बदलला. पेपरवाल्या काकांनी पेपर बदलला. तू माझं कॉलेज बदलतोयस. त्या मुलाला कोण काय बदलायला सांगतंय?"

त्याने हातातला रिमोट खाली ठेवला. मग उठून शर्ट चढवला.

"गेटच्या कॅमेऱ्यात तो दिसत असेल. फुटेज घेऊन पोलीस स्टेशनला जातो," तो म्हणाला. चपला घालताना तिच्याकडे न बघताच बोलला, "सकाळी लवकर आवर. ठाण्याला जायचंय."