भरलेली टाळू

मुंबईत लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात, त्या वॉर्डात मी नर्स. सुट्टीला माहेरी, कापड्याला आले होते. सकाळी वरच्या वाडीतल्या एका आजीचा फोन आला. तिच्या सात महिन्यांच्या नातीच्या डोक्यात पाणी साठायचं, ते पोटात उतरवायची नळी आमच्याच वॉर्डात बसवलेली.

"बाय, टाळू भरली गो! तेल घालून घालून खळगा पार गेला. चार दिस झाले. पोर पण गुणाची झाली हाय, नुसती झोपून असते."

आपल्याकडे टाळू भरावी म्हणून तेल घालतात, खळगा गेला की घरभर आनंद. आमच्या वॉर्डात मात्र अशी टाळू फुगली की पळापळ होते. नळी तुंबलेली असते.

रिक्षा करून वर गेले. पोरीला उभं धरून टाळूवर बोटं ठेवली. टणक. बुबुळं खाली उतरलेली.

"उलट्या?"

"दोनदा झाल्या. दात येतायत तिला."

"दात कसले डोंबलाचे! चार दिवस काय करत होतात तुम्ही?" मी आजीवर खेकसले. सून दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला शंका आली होती ताई. पण सासूबाईंना कसं सांगू?"

मेले मी! घरी सोडताना धोक्याच्या सगळ्या खुणा मी या सुनेकडून पाठ म्हणून घेतल्या होत्या. बाळाला न्हाऊ कोण घालतं, एवढंच विचारलं नाही. मी इथलीच ना? तान्ह्याचं डोकं घरात कुणाच्या हातात असतं, हे मला माहीत नव्हतं होय?

पोलादपूर, मग महाड, तिथून मुंबईला ॲम्ब्युलन्स. वॉर्डातल्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. दर थोड्या वेळानं मी पोरीच्या तळपायाला टिचकी मारत होते. रड गं बाई, एकदा तरी रड. माणगावच्या पुढे ती कण्हायचीही थांबली. इतकी घाबरले होते की सुनेकडे बघायची हिंमत होईना.

पोचल्या पोचल्या तिला आत घेतलं, नळी बदलली. तिसऱ्या दिवशी पोरगी दुधासाठी वॉर्ड डोक्यावर घ्यायला लागली, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

मग आजी आली. मी तिला जवळ बसवलं. "आजी, तेलानं काही झालेलं नाही. नळीच तुंबली होती. आता खुणा तुम्हाला शिकवते, घरी रोज तुम्हीच बघायचं. हे बघा, टाळू अशी मऊ हवी. लावा हात."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको गो बाय. माझा हात नको आता."

मी पुन्हा सांगितलं, हात धरून ओढलासुद्धा. ती मागे सरकत भिंतीला टेकली, आणि पोर आईच्या कडेवरून तिच्याकडे झेपावत राहिली.