माणूस पुढे असताना

गोळी माझ्या हातापासून वीतभर अंतरावरच्या लोखंडी पाटीवर आदळली. शिशाचा तुकडा उडून गालात घुसला. मी वाळूत पालथा पडलो. मागून हसणं ऐकू आलं.

"काय रे, घाबरलास? माझा नेम चुकत नाही."

हा आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर. पुण्याचा. कुवेतमधल्या राई भागातल्या वर्कशॉपात मी वेल्डर. वाळवंटातल्या एका रेंजवर पिस्तुलाच्या स्पर्धा व्हायच्या. पळत, आडोशाआडून, घड्याळ लावून गोळ्या मारायच्या. तिथली लोखंडी टार्गेटं आम्ही बनवायचो, म्हणून दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, मुदीर मला घेऊन जायचा. गोळ्या तो मारायचा. पडलेल्या पाट्या मी उभ्या करायच्या आणि पुठ्ठ्याच्या टार्गेटांवरची भोकं खाकी चिकटपट्ट्यांनी बुजवायची. खरं तर या खेळात सगळे नेमबाज मिळून पट्ट्या लावतात, तशी रीतच आहे. ते मला पुढे कळलं. आमचा मुदीर हाताला धूळ लागू देत नसे.

त्या दिवशी त्याने तीन पाहुणे आणले होते. त्यांना मजा दाखवायची होती. मी पुढे असताना गोळी मारली.

मी उठलो. गालातून रक्त गळत होतं. तो जवळ आला, माझ्याच हातातली एक खाकी पट्टी काढून माझ्या गालावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. पाहुण्यांना म्हणाला, "झालं. टार्गेट परत तयार."

आणि मी काय म्हणालो? "सॉरी सर."

गोळी त्याची, गाल माझा, आणि सॉरी मी. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. गावाकडे वरच्या आळीतला कुणी अंगावर आला, की आमची माणसं आधी माफी मागायची, मग काय चुकलं ते विचारायची. तीच खोड मी विमानातून कुवेतला आणली होती. पासपोर्ट मुदीराच्या कपाटात होता हे खरं. पण पासपोर्ट मला नंतर आठवला. मान त्याआधीच खाली गेली होती.

कॅम्पवर येऊन पट्टी ओढली. कातडी निघाली. मला रडू आलं नाही. त्याचा खून करावासा वाटला. आठवडाभर लोखंड कापताना मला त्याचंच तोंड दिसायचं.

पुढच्या शुक्रवारी रेंज ऑफिसर समोरच होते. हुसेनभाई, रत्नागिरीकडचे. आधीच्या वेळी ते पलीकडच्या बाजूला होते आणि मी लाजेने त्यांना काही सांगितलं नव्हतं. मुदीराची फेरी संपली. हुसेनभाईंनी हुकूम दिला, पिस्तूल रिकामं करून दाखवा. मुदीराने ऐकलंच नाही. पिस्तूल हातात तसंच, आणि मला म्हणाला, "जा रे, पट्ट्या लाव."

मी हललो नाही.

"ऐकू येत नाही?"

"आधी पिस्तूल रिकामं करा. मला दाखवा."

"तुला दाखवू? तुला?" त्याने जातीवरून शिवी हासडली आणि डाव्या हाताने कानाखाली वाजवली. उजव्या हातातलं पिस्तूल माझ्या पोटाकडे वळलं. बोट चापावर. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि टार्गेटांमागच्या वाळूच्या बांधाकडे पिळलं. गोळी सुटली, बांधात गेली. म्हणजे भरलेलंच होतं. मी आणखी पिळलं. आत काहीतरी करकरलं, तो ओरडला, पिस्तूल पडलं. तो खाली, माझा गुडघा त्याच्या छातीवर. मला थांबायचं नव्हतं. हुसेनभाईंनी कमरेला मिठी घालून मला ओढून काढलं.

मग त्यांनी पिस्तूल रिकामं केलं आणि मुदीराला म्हणाले, "डिसक्वालिफाय. सामान उचला."

"हा लेबर आहे माझा!" मुदीर किंचाळत होता.

"सामान उचला."

साहेबाला असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पण हेही सांगतो, हुसेनभाईंच्या आधी मी नाही म्हणालो होतो. ते श्रेय मी कुणाला देणार नाही.

नोकरी गेलीच. दुसरीकडे जायला रिलीज, म्हणजे जुन्या कंपनीची सोडचिठ्ठी, मिळेपर्यंत चार महिने लोकांच्या खोल्यांत जमिनीवर झोपलो. मग शुऐबा बंदराकडे काम लागलं आणि मी रेंजवर परत गेलो, शिकायला. महिनाभर हुसेनभाईंनी एक गोळी दिली नाही. रिकामं पिस्तूल, नळी बांधाकडे, बोट चापाच्या बाहेर. पहिल्या स्पर्धेत शेवटून दुसरा आलो. हसा खुशाल.

आता नव्यांना मी शिकवतो. जाब्रियाच्या हॉस्पिटलातल्या नर्स येतात, ड्रायव्हर येतात, इंजिनियर येतात. चहा देतो, नाव विचारतो. आडनाव विचारत नाही. पहिल्या दिवशी त्यांना टार्गेटांपाशी नेऊन उभं करतो आणि म्हणतो, इथून मागे, गोळ्या सुटतात तिकडे बघा. एक नर्स म्हणाली, "पोटात गोळा येतो हो."

"येऊ दे. ज्याला येत नाही, त्याला मी पिस्तूल देत नाही."

गेल्या महिन्यात एक ठेकेदार आला. कमरेला नवाकोरा पट्टा, आणि पट्ट्या लावायला सोबत स्वतःचा मजूर. "हा लावेल," म्हणाला. मी नाही म्हटलं. तो तणतणत गेला. रेंज चालवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी माझ्यावर भडकला, "जरा नमतं घेतलं असतं तर काय झालं असतं?"

त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. मला काढायचं तर काढा. मी रेंजवर आहे तोवर ज्याच्या गोळ्या, त्यानेच भोकं बुजवायची. आणि माणूस पुढे असताना कुणी पिस्तूल उचललं, तर मी हुकूम देत बसणार नाही. हात मोडून टाकीन.