नानांच्या खणातले स्वल्पविराम

शिलाई मशीन पुसायला रॉकेलचा बोळा हातात घेतला आणि त्या वासासरशी मी धुळ्यातल्या जुन्या छापखान्यात जाऊन पोहोचले. माझी पहिलीच कथा दिवाळी अंकात येणार होती. शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवणारे नाना रॉकेलने हात पुसत म्हणाले, “ताई, तुमची माणसं फार बोलतात. माझ्या खणातले स्वल्पविराम संपले.”

मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. अवतरणचिन्ह म्हणून ते स्वल्पविरामच लावायचे, सुरुवातीला दोन उलटे आणि शेवटी दोन सुलटे. एका बोलण्याला चार.

“थोड्या लोकांना गप्प करा,” नाना म्हणाले.

रडू येत होतं, तरी तिथेच स्टुलावर बसून मी कथेतल्या म्हातारीच्या मुलाचं लांबलचक समजावणं खोडलं, मग सुनेचं, शेजारणीचं. मुलगा शहरात न्यायला येतो तेव्हा म्हातारी गाव सोडायला नकार देत अहिराणीत म्हणते, “मना जीव आठेच शे.” त्या वाक्यावर पेन्सिल आली तेव्हा नानांनी हात आडवा धरला.

“हे राहू द्या. हिच्यासाठी चार मी आधीच बाजूला ठेवलेत.”

आता कीबोर्डवर चिन्हं संपत नाहीत. तरी कोणाला बोलतं करण्याआधी मी नानांच्या खणात डोकावून बघते.