अर्धं संत्रं

"हा मैदानात आलाय कशाला? झोपायला?" ऑफिसच्या साहेबांनी मला विचारलं.

ट्रायलचा हाफ टाइम झाला होता. नागपूरची थंडी. मैदानाच्या पलीकडे धुकं अजून रेंगाळत होतं आणि त्यात सुखदेव एकटाच संत्रं सोलत उभा होता. शहराबाहेर वाडीच्या गोदामात तो हमाली करायचा. एका संध्याकाळी ट्रकांमधल्या मोकळ्या जागेत त्याला खेळताना पाहिलं आणि मी घरी जायचंच विसरलो. गुडघ्याने माझं खेळणं संपवल्यापासून आमच्या ऑफिसच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर मीच, नवे खेळाडू हुडकणारा स्काउटही मीच. आज साहेब हो म्हणाले तर सुखदेवला पक्की नोकरी होती. नाहीतर पुन्हा पोती.

तो स्टॉपर होता. म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध राहून हल्ला अडवणारा. बाकीचे धावून, घसरून, अंगावर जाऊन अडवतात. हा जरासा सरकायचा आणि बॉल आपणहून त्याच्या पायाशी यायचा. मी जुना फॉरवर्ड. त्याला बघताना मला स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. असा माणूस समोर असता तर मला स्वप्नातही गोल करता आला नसता.

"साहेब, तो आहे म्हणून गोल झाला नाही."

"अहो, त्याचा शर्टसुद्धा मळला नाही!"

बोलून उपयोग नव्हता. खेळ सुरू व्हायच्या आत मी सुखदेवला बाहेर बोलावलं. ट्रायलमध्ये बाहेर बोलावणं म्हणजे नापास, हे सगळ्यांना ठाऊक. तो लाइनीबाहेर येऊन बसला आणि उरलेलं अर्धं संत्रं खाऊ लागला. आता गोल झाले नाहीत, तर त्याच्या नोकरीवर पाणी फिरवणारा मीच ठरणार होतो.

झाले. एक, लगेच दुसरा. बचाव करणारे एकमेकांवर आदळू लागले. साहेब खुर्चीवरून उठले. "अहो, त्या झोपाळूला घाला आत!"

त्यानंतर गोल झाला नाही. खेळ संपल्यावर मी सुखदेवला विचारलं, "राग आला का गा?"

"राग काहून येईल, भाऊ? तुम्ही साहेबाले दाखवून राहिले होते."

"तुले कधी समजलं?"

"तुम्ही हाक माराच्या आधीच. म्हणून तं अर्धं संत्रं बसून खायले ठेवलं होतं."

त्याला नोकरी लागली. पुढे बरीच वर्षं खेळला. पेपरात फोटो मात्र कधी आला नाही. आपणच त्याला हुडकला, असं साहेब रिटायर होईपर्यंत सांगत. मीही वाद घातला नाही. पेपरवाले झालेले गोल छापतात. न झालेले बघायचे असतील, तर चांगल्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसवावं लागतं.