निरोपाची काच

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यासमोर मंजुळा टॉकीज होती, आणि दवाखान्यात भरती असलेल्यांचे निम्मे नातेवाईक दुपारी टॉकीजमध्ये सापडायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रात्रभर खाटेजवळ उकिडवं बसून कंबर धरलेली असते, दुपारी बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत, बाहेर लिंबाखाली माणसं आणि शेळ्या आधीच जागा धरून बसलेल्या. मग माणूस रस्ता ओलांडतो, तिकीट काढतो आणि पंख्याखाली पाय पसरतो. बाहेर आल्यावर सिनेमा कुठला होता असं विचारलं, तर कित्येकांना सांगता यायचं नाही.

ही माणसं एवढी बिनघोर बसायची ती अल्लाबक्षच्या भरवशावर. अल्लाबक्ष टॉकीजचा ऑपरेटर. वरच्या केबिनमध्ये रिळं चढवायची, उतरवायची, तुटलेली फिल्म चिकटवायची, हे त्याचं काम आणि पगार त्याचाच. पण तालुक्यात त्याचं नाव होतं ते काचेमुळं. दवाखान्यातून कुणी धावत आलं की अल्लाबक्ष एक लहानशी काच चिमणीच्या ज्योतीवर धरून काळी करायचा, बाभळीच्या काट्यानं त्या काजळीवर नाव आणि गाव कोरायचा, आणि मशीनच्या बाजूला असलेल्या स्लाइडच्या दिव्यात ती काच उलटी सरकवायचा. खाली पडद्याच्या कोपऱ्यात, मारामारी चालू असो नाहीतर गाणं, अक्षरं उमटायची. अमुक गावचा अमुक, बाहेर ये.

एवढंच. बोलावण्याचं कारण तो कधी लिहीत नसे. पोरगं झालं असेल, रक्त द्यायचं असेल किंवा सगळंच संपलं असेल, ते बाहेर गेल्यावर कळायचं. पडद्यावर सगळ्यांच्या देखत कुणाचं मरण लावू नये, असं त्याचं मत होतं, आणि ते बरोबरच होतं. एरवी हीरोइन दिसली की खुर्च्या बडवणारं पब्लिक काच लागली की गप्प व्हायचं. ज्याचं नाव असेल त्याला वाट द्यायला रांगेतली माणसं पाय आखडून घ्यायची. त्याला पुढच्या वेळी गेटवरून फुकट सोडायचं, हा मालकांचा, म्हणजे किसनरावांचा नियम. पेढे मात्र केबिनमध्ये जायचे. अल्लाबक्षच्या पोटात शिरलेल्या साखरेला तालुक्यातली अर्धी पिढी जबाबदार आहे, असं त्याची बायको रहिमाबी म्हणायची.

पुढं डिजिटल आलं. नांदेडला आलं, हिंगोलीला आलं, मग वसमतलाही आलं म्हटल्यावर किसनरावांना राहवलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. रिळांच्या पेट्या सगळीकडं फिरून झाल्यावर इकडं यायच्या, तोवर तोच सिनेमा पोरांनी मोबाइलवर बघून टाकलेला असायचा. आता छतावर डिशची छत्री बसली. सिनेमा आभाळातून उतरू लागला, तोही पुण्या-मुंबईला लागतो त्याच शुक्रवारी. केबिनला एसी लागला, भिंतीतली भोकं काचा लावून बंद झाली, धुळीचा कण आत जायला नको म्हणून अल्लाबक्षला चपला दाराबाहेर काढायला लागल्या. चिमणी तर लांबच राहिली.

जुनं मशीन भंगारवाल्यानं नेलं त्या दिवशी अल्लाबक्ष किसनरावांना म्हणाला, "मालक, स्लाइडचा दिवा तेवढा ऱ्हाऊ द्या. काचेला लागतो."

"अरे, आता जाहिरातीबी ह्याच डब्यातून येतात," किसनराव हसत म्हणाले. "अन् ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल हाय. कोन बघनार तुझी काच?"

मशीन बसवायला आलेला इंजिनिअर दिपक हा भला माणूस होता. त्यानं अल्लाबक्षला दोनदा समजावून सांगितलं, की सिनेमाला कुलूप असतं, कुलपाची किल्ली खेळाच्या वेळेपुरतीच मुंबईहून येते, आणि खेळ मधेच थांबला तर त्याची नोंद आपोआप तिकडं जाते. पडद्यावर आपल्या मनानं काही लिहायची सोय त्यात नाही. "चाचा, तुम्हाला आता काहीच करायचं नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं, आपण चांगली बातमी देतोय.

पहिल्याच आठवड्यात एकदा लाइट गेली आणि मशीन पुन्हा जागं होईना. फोनवर फोन झाले. तोवर खाली पब्लिकनं खुर्च्यांची मोडतोड केली. किसनराव वर आले आणि गेटकीपरच्या देखत म्हणाले, "जमत नसंल तर सांग, अल्लाबक्ष. दुसरा बघतो." उभ्या आयुष्यात मालक त्याला असं बोलले नव्हते. तेव्हापासून खेळ चालू असताना तो त्या बटणांकडं हात न्यायलासुद्धा भ्यायचा.

काच गेली हे गावाला कळलंच नाही, कारण काच रोज लागत नव्हती. अधूनमधून कुणी शोधत आलं तर अल्लाबक्ष टॉर्च घेऊन खाली उतरायचा आणि चार रांगा फिरून माणूस हुडकायचा. खेळ रिकामे होते तोवर हे निभावलं. निभावतंय म्हणून त्यानंही कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचं म्हणजे आपला एक हात तुटलाय हे चारचौघांत कबूल करायचं. ते त्याच्यानं झालं नाही.

मग तो बाजाराचा दिवस आला. उन्हाळ्याची सुरुवात होती आणि नवा सिनेमा लागला होता. बाजाराला आलेली खेडी आपली गाठोडी घेऊन टॉकीजमध्ये शिरली होती. त्या गर्दीतून वाट काढत वैजनाथ केबिनच्या जिन्याशी आला. हा वारंगा फाट्याकडचा, हळद शिजवायची कामं घेणारा. नखापासून कोपरापर्यंत हळद चढलेली. त्याची आई पद्माबाई समोर दवाखान्यात होती. दम्यानं बेजार झालेल्या म्हातारीला वैजनाथ आणि त्याची बहीण साधना आळीपाळीनं बघत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली, बोलताना शब्द अडखळत होते.

"चाचा, मी आत बसून ऱ्हायलो," तो म्हणाला. "साधना हाय आईजवळ. फोन तिच्यापाशीच ठिवला. ती म्हनली, जा जरा पाठ टेक, न्हाई तर तूच पडशील. काई झालं तर काच लावा बरं."

अशा वेळी काय म्हणायचं ते अल्लाबक्षच्या जिभेवर बसलेलं होतं. इतकी वर्षं तो तेच म्हणत आला होता. "बैस बाबा बिनघोर," तो म्हणाला. "मी हाय ना."

वैजनाथ गेला. शब्द तोंडातून गेले आणि मग अल्लाबक्षच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. हाक मारावी म्हणून तो दोन पायऱ्या उतरला, पण घंटी झाली, दारं लागली, आणि खेळ वेळेवर सुरू करायचा होता. नंतर सांगू, असं त्यानं मनाला समजावलं. माणसाचा घात अशा 'नंतर'नंच होतो.

खेळ चांगला रंगात आला होता, अल्लाबक्ष जिन्याच्या पायथ्याशी उभा होता, तेवढ्यात साधना आली. अनवाणी, पदराचं भान नाही. "चाचा, आईनं डोळे पांढरे केले. वैजूचं नाव घेऊन ऱ्हायली. काच लावा, लवकर लावा!" एवढं बोलून ती आली तशी पळत परत गेली. तिला थांबायची गरजच वाटली नाही. काच लागणार, भाऊ येणार, यात तिला शंका नव्हती.

अल्लाबक्ष वर धावला. त्याचा हात आपसूक उजवीकडं, जिथं स्लाइडचा दिवा असायचा तिकडं गेला. तिथं आता एसीची नळी होती. तो टॉर्च घेऊन उलट्या पावली खाली आला आणि अंधारात घुसला. वैजनाथ नेहमी खालीच, भिंतीकडच्या रांगेत बसायचा. ती रांग त्यानं तपासली, मग पुढची, मग सगळ्याच. "वैजनाथ! पद्माबाईचा वैजनाथ!" तो ओरडत होता. नव्या मशीनबरोबर नवे स्पीकर आले होते, आणि त्यांच्या दणक्यात त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. ज्याच्या तोंडावर टॉर्च पडे तो शिवी हासडायचा. "ए म्हाताऱ्या, बस की खाली," कुणीतरी बोंबललं आणि सगळी रांग हसली. याच लोकांनी काचेला मान दिला होता. पण पडद्यावर नाव येणं वेगळं आणि अंधारात धडपडणारा म्हातारा वेगळा.

बाल्कनी त्याला सुचली नाही. खाली जागा नव्हती म्हणून गेटकीपरनं वैजनाथला त्याच तिकिटावर बाल्कनीत बसवलं होतं, ते त्याला कुणी सांगितलंच नाही.

दम लागून तो पुन्हा केबिनमध्ये आला. आता एकच उपाय होता. खेळ थांबवायचा, दिवे लावायचे, आणि जिन्यावर उभं राहून हाक मारायची. बटण समोर होतं. त्यानं बोट पुढं केलं. मग त्याला मोडलेल्या खुर्च्या आठवल्या, आज तर हॉल गच्च भरलाय हे आठवलं, किसनरावांचा तो शब्द आठवला. इंटरव्हल जवळच आलंय, तो स्वतःशी म्हणाला, इंटरव्हल झालं की दिवे लागतीलच. आणि त्यानं बोट मागं घेतलं. भिंतीतल्या काचेतून खाली बघत तो इंटरव्हलची वाट बघत उभा राहिला. पडद्यावर लोक नाचत होते, आणि एसीच्या गारव्यातही त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

दिवे लागले. वैजनाथ बाल्कनीच्या पहिल्याच रांगेत होता, पुढं वाकून, दोन्ही हात कठड्यावर टेकवून. अल्लाबक्षनं हाक मारली तसा तो पळाला. रस्ता ओलांडायचा, दवाखान्याचा व्हरांडा, डावीकडं वॉर्ड. किती ते अंतर! पण तो पोचला तेव्हा नर्स पद्माबाईच्या तोंडावर चादर ओढत होती.

अल्लाबक्षनं त्या दिवशी उरलेले खेळ केले. घरी आला, ताटावर बसला, आणि घास हातातच राहिला. रहिमाबीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तिनं त्याचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "जाको सच बोलको आओ जी. पेट में रखे तो निवाला कैसा उतरेगा?"

तरी जायला त्याला चार-सहा दिवस लागले. जीपमधून उतरून तो वैजनाथच्या दारात गेला तेव्हा ओट्यावर भावकीतले दोघेतिघे बसले होते. वैजनाथ आत, भिंतीला टेकून. डोक्याचं मुंडण केलेलं, तोंड उतरलेलं. साधनानं पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "खात न्हाई चाचा, कपाळ बडवून घेऊन ऱ्हायला नुसता. तुमी तरी समजवा."

अल्लाबक्ष त्याच्यासमोर बसला. काय बोलायचं ते वाटेत घोळवून घोळवून पाठ केलं होतं, पण त्याच्याआधी वैजनाथच बोलला.

"चाचा, काच किती येळ ठिवली व्हती?"

अल्लाबक्षला आधी कळलंच नाही.

"मी झोपायलाच आल्तो," वैजनाथ म्हणाला, "पन झोपलो न्हाई. म्हनलं, काच लागली अन् आपून झोपेत असलो तर? डोळे तानून पडद्याकडंच बघत ऱ्हायलो. पन एक डाव मान खाली गेली, चाचा. जराशीच. तवाच लागली असंल. साधना सांगून गेल्ती म्हंजी तुमी लावलीच असंल. मलाच दिसली न्हाई. माय तिकडं माझं नाव घेऊन ऱ्हायली, अन् मी मेल्यावानी मान टाकली."

त्याला रडू आवरेना. ओट्यावरच्या माणसांनी माना फिरवल्या.

नुसती मान हलवली असती तरी अल्लाबक्ष सुटला असता. काचेचा लौकिक राहिला असता, त्याचाही राहिला असता, आणि कधी कुणाला काही कळलं नसतं. पण समोरचा माणूस जन्मभर स्वतःला त्या एका डुलकीबद्दल शिव्या देत बसला असता. अल्लाबक्षनं वैजनाथचे दोन्ही हात धरले. हळद अजून पुरती उतरली नव्हती.

"तुझी मान खाली गेली म्हनून न्हाई, बेटा," तो म्हणाला. "काच लावलीच न्हाई मी. काच ऱ्हायलीच न्हाई आता. नवं मशीन आलं तवाच दिवा भंगारात गेला. तुला हुडकत फिरलो, तू घावला न्हाईस. खेळ बंद करायला पायजे व्हता, मी भ्यालो. तुझी काई चूक न्हाई. खुदाची कसम, तुझी काई चूक न्हाई."

साधना दारात पाण्याचा तांब्या धरून उभी होती. वैजनाथनं हात सोडवून घेतले, पण रागानं नाही. तो अल्लाबक्षच्या तोंडाकडं बघत राहिला. काचेला त्यानं लहानपणापासून देवासारखं मानलं होतं, आणि आता तो भरवसा कुठं ठेवावा हे त्याला उमजत नव्हतं.

"आदी सांगितलं असतं तर मी गेलोच नसतो," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "तिच्या वॉर्डाच्या दाराशी फरशीवरच पडलो असतो. मंग मला बैस काहून म्हनले, चाचा?"

सवयीनं म्हणालो, एवढंच त्याचं उत्तर होतं. पण आईला शेवटचं पाणी पाजायचं राहून गेलेल्या माणसाला हे सांगायला अल्लाबक्षची जीभ उचलली नाही.