पट्ट्याचं अस्तर

त्या शिंप्याकडे लोक लांबून यायचे ते त्याच्या एका सवयीमुळे. माप कितीही काटेकोर घेतलं, तरी कापडात तो बोटभर सैल सोडायचाच. "माणसाला श्वास घ्यायला जागा नको?" म्हणायचा. त्याच्या हातचा कपडा कुणाला कधी काचला नाही.

काज-बटणं बायकोकडे. एका सकाळी बटण लावता लावता तिचा उजवा हात मांडीवर पडला, आणि सुई हा शब्दच तिला सापडेना. "ते... ते द्या ना," एवढंच म्हणत राहिली. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं, देवाची कृपा. पण तपासणीत निघालं की मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी आतून अरुंद झाली आहे.

"नळी घालून ती रुंद करण्यात यांना धोका जास्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. जोडीला हे करून बघू."

हे म्हणजे रक्तदाब मोजतात तसा एक पट्टा. डाव्या दंडाला बांधायचा. यंत्र तो पाच मिनिटं इतका आवळणार की हातातलं रक्त थांबावं, मग तेवढाच वेळ सोडणार, पुन्हा आवळणार. हाताची अशी थोडी उपासमार झाली की शरीर सावध होतं, मेंदूकडचा पुरवठा सुधारायला मदत होते, असा अंदाज. खात्री देत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

पहिल्या दिवशी पट्टा आवळला आणि शिंप्याची नजर तिच्या हातावर खिळली. आधी पांढरा पडला, मग निळसर. बोटं अर्धवट मिटलेली. त्याची आई गेली तेव्हा असाच एक हात चादरीबाहेर राहिला होता, आणि तो आत घ्यायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

हवा सुटली. बायको बोटं चोळत हसली. "मुंग्यांचं वारूळ फुटलंय नुसतं!"

तो हसला नाही. दुकानात खुंटीला बेतलेल्या बाह्या लटकत असायच्या. पाठ वळली की त्यातली एखादी हळूच भरतेय, खालून बोटं बाहेर येतायत, असं त्याला वाटू लागलं. तो गर्रकन वळायचा. कापडच असायचं.

शेवटी त्याने पट्ट्याला आतून अस्तर लावलं. हवेच्या पिशवीला सुई लागू नये म्हणून कडेकडेने टाके, मध्ये कापसाचा जाड थर.

"अहो, हे काय? पट्ट्याला कोट शिवलात?"

"काचतो म्हणालीस ना."

"मी कधी म्हणाले? तुमच्याच जिवाला काचत असेल." मग दंड हलवून बघत म्हणाली, "पण बरं वाटतंय हो."

त्याची बहीण भेटायला आली, तिने तर कपाळाला हात लावला. "दादा, वहिनीच्या यंत्राचेही लाड! आमच्याकडे माणसांचे होत नाहीत."

यंत्र गुरगुरायचं, आकडा चढायचा, हात मात्र गुलाबी राहायचा. शिंप्याला झोप लागू लागली.

मग एकदा जेवताना तिच्या हातातून पेला सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. लगेच इस्पितळात नेलं, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची दोन बोटं काही वळेनात.

नर्सने घरचा पट्टा मागितला, बांधला, फुगवला आणि मनगट धरलं. "नाडी लागतेय की!" तिने पट्टा उलटा केला. "हे कुणी शिवलं?"

"मी."

"काका, सगळा दाब कापसातच जिरला. हात गुलाबी राहिला, म्हणजे पट्ट्याने कामच केलं नाही."

त्याने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "माझ्या टाक्यांमुळे झालं का हे?"

"सांगता येणार नाही. पट्टा नीट असता तरी झालं असतं, कदाचित."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो ‘कदाचित’ शब्द त्याच्याबरोबर घरी आला, जेवायला बसला, मशीनवर बसला. अस्तर उसवायला घेतलं तर टाके निघेनात. त्याचेच, बारीक, पक्के.

बाईंनी अस्तर काढून पट्टा पुन्हा सुरू करायला सांगितला. आता शिंपी स्वतःच तो बांधतो.

"घट्ट बांधा हो," बायको म्हणते. "माझ्यावर जरा रागावून बांधा."

तो मनगटावर बोट ठेवतो. पट्टा आवळत जातो, नाडी बारीक होते आणि थांबते. थांबली तरच बांधलेलं बरोबर. हात निळा पडतो आणि तो बघत राहतो. हवा सुटली की बोटाखाली पुन्हा ठोका लागतो, पण त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. तो आपल्याच बोटाचा असला तर?

"आहेस ना गं?"

"आहे हो. यंत्राकडे बघा, पुन्हा आवळेल आता."

आणि ते आवळू लागतं.